भांग

दिनदर्शिकेचं मे महिन्याचं पान
खिळ्यावरनं काढून ओट्यावर पसरलंय,
कोपऱ्याला भाकरीचं पीठ.
पौर्णिमेवर फुली मारली. अमावास्येवर मारली.
गुहागरच्या विचारे काकू फोनवर म्हणाल्या,
"पोरं लहान आहेत ना? मग उधाणात नका येऊ हो.
अष्टमी-नवमी बघा. भांग असतो.
पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही."

भांग.
मला केसांतला तेवढा माहीत होता.

पहिल्या अष्टमीला बेदाण्याचे पैसे आलेले नसणार.
दुसरीला मावसभावाची गाडी वऱ्हाडात.
उरली नवमी.
धैर्यशील सौद्याच्या पट्टीमागं आकडे मांडतोय:
डिझेल, दोन रात्री, माशाची चार ताटं,
मग चाराचे दोन करतो,
पोरांना वरणभात.
मी घाटाची पिशवी वेगळी लिहिते:
लिंबं, आवळासुपारी, जुना टॉवेल,
दुधाच्या धुतलेल्या पिशव्या सात.
"सात?"
"पृथूच्या चार. तुझ्या तीन."
कुंभार्लीचं नाव काढलं तरी
त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. तो काही बोलत नाही.

आप्पा उंबऱ्यात तंबाखू मळत ऐकतायत.
"आपल्यात पाणी घरी यिऊन भेटून जातंय.
त्येच्याकडं कशाला जाताय, पैसं घालून?"

कुणी हसत नाही, मग सगळेच हसतात.

ती रेघ आहे अजून, फडताळाच्या बाजूला,
माझ्या खांद्याच्या थोडी वर.
दोनदा रंग दिला. दोन्हीदा पावसाळ्यात
आतनं उमटून आली, चहाच्या डागासारखी.
ईश्वरी तेव्हा अकरा महिन्यांची.
नावेत मी तिला पदराच्या आत बांधलेली,
भिलवडीचा सगळा बाजार आमच्या खाली,
आणि ही झोपलेली, गाढ,
कुणीतरी झोका देतंय अशी.

तिला काहीच आठवत नाही.
ती रेघेला पाठ लावून उभी राहते,
डोक्यावर पट्टी आडवी धरायला लावते.
"अजून एक वीत, मग मी पाण्याच्या वर."
तिच्या दृष्टीनं ती उंची मोजायची खूण आहे.
मी तसंच ठेवलंय.

"समुद्राची रेघ कुठं असते, आई?"

मला काय ठाऊक.
मी समुद्र बघितला तो सहावीच्या सहलीत,
तोही लाल गाडीच्या खिडकीतनं,
कारण कुणाला तरी ताप आला होता
आणि बाईंनी खाली उतरू दिलं नाही.
राखाडी होता. रुंद होता.
ऊस पेटवल्यावर धूर पसरतो तसा.
पुन्हा फोन लावला, खोलीत गरम पाणी आहे का विचारायला,
आणि जाता जाता हेही विचारलं.
काकू आतल्या कुणाला तरी म्हणाल्या, फणस झाका,
मग मला म्हणाल्या,
"रेघ होय? काढतो की. रोज दोनदा.
स्वतःच पुसतो."

पृथूला बादली पाहिजे. लाल. फावडं पाहिजे.
त्याला वाटतं समुद्र आणायचा आहे,
थोडा, परसातल्या टाकीत सोडायला.
ईश्वरीनं शेजारच्या आर्याला सांगूनही टाकलंय
की तिकडं शंख फुकट मिळतात,
आर्यानं पाच रुपये देऊन दोन सांगितलेत.

रात्री पोरं झोपल्यावर यादी पुन्हा वाचली.
टोप्या. खोबरेल. पॅरासिटामॉलचं औषध, गुलाबी.
मच्छरदाणी नको, काकूंकडं आहे.
चटणी, धपाटी, पहिल्या दिवसापुरती.
तळाला बारीक अक्षरात मी लिहिलं: दोर.
लिहिलं आणि पेन वर ठेवून
भांडी घासायला गेले.

परत आले तेव्हा धैर्यशील अंथरुणात,
भिंतीकडं तोंड करून.
यादी ओट्यावर होती तिथंच.
दोरापुढं त्याच्या अक्षरात:
वीस फूट. नवा घेऊ.